बांगड्यांखालचा रंग

१

लग्न होऊन धाड गावाला आले तेव्हा मला वाटलं होतं, फोटोवाल्याची बायको म्हणजे आपले पुष्कळ फोटो निघतील. सहा महिन्यांत एकच होता, तोही लग्नातला. त्यातही अर्धी मी मुंडावळ्यांत गेलेले.

आमचे हे, म्हणजे हिंमतराव, यांचं दुकान एसटीच्या थांब्यासमोर. जिवंत माणसं तिथं बाजाराच्या दिवशी येत. एरवी धंदा मेलेल्यांचा. कुणाचा बाप वारलेला असे, भिंतीवर लावायला फोटो हवा असे, आणि बापानं जन्मात फोटो काढलेला नसे. मग घरचे लोक भावाचा, मुलाचा, मिळेल त्याचा फोटो घेऊन येत आणि हे त्यातून बाप तयार करत.

मी दुपारची भाकरी घेऊन जाई आणि पडद्याआड बसून ऐके.

"नाक आमच्या काकासारखं होतं," कारभारी नावाचा एक शेतकरी सांगत होता. "काकाले घेऊन येऊ काय?"

"काकाचा फोटो आण. काका नको."

"अन् डोळे?"

"तुह्या पोरीचे घेऊ. आजोबावरच गेली ती."

"फेटा मात्र लय झोकात बांधे बुढा."

"फेटा दुकानाचा," हे म्हणाले.

अशी एका माणसाला चार माणसं लागत. पंधरा दिवसांनी कारभारी आला, तसबीर पाहिली आणि तिथंच डोळ्याला उपरणं लावून बसला. म्हणाला, हुबेहूब.

यांचा एक नियम होता. तयार तसबिरीला दुकानात हार घालायचा नाही. हार घरच्यांनी घरी नेऊन घालायचा. "हार पडला का माणूस मेलं," हे म्हणत. "तोवर ते नुसतं चित्र असते."

२

माझ्या माहेरी सगळे काळ्या डोळ्यांचे. यांचे डोळे घारे आहेत. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिले. सावळ्या तोंडावर ते डोळे दुकानातल्या कामासारखे, दुसऱ्या कुणाचे आणून बसवल्यासारखे वाटले होते. विचारायचं कुणाला? मी मुळात कमी बोलणारी. चार महिने वाट पाहिली आणि मेथीच्या जुड्या बांधताना सासूबाईंनीच सांगून टाकलं.

"तुह्या सासऱ्याचा बाप गोरा साहेब होता," जनकाबाई, म्हणजे सासूबाई, वांग्याचा भाव सांगावा तशा म्हणाल्या. "सोनाळ्याच्या अंगाले जंगलाचा बंगला होता. माही सासू रुखमाबाई तिथं भाजी पोचवे. तिले जुळी झाली. पोरगी उजळ निघाली, ती साहेबानं नेली. पोरगं सावळं, ते टोपलीत राह्यलं."

"मग?"

"मग काय. टोपली डोक्यावर घेतली अन् इकडे आली. तिकडे कोण नांदू देते? त्या टोपलीतला तुहा सासरा."

"आणि पोरीचं काय झालं?"

"कोणाले माहीत. गेंदा म्हणे तिले म्हातारी. मरेपर्यंत तेच नाव. तुहा सासरा समोर बसलेला राहे, पाणी देऊन राह्यला, पाय दाबून राह्यला, अन् हाक मात्र गेंदाले."

सासरे शेषराव तीन वर्षांपूर्वी गेले. मी त्यांना पाहिलं ते भिंतीवर. घारे डोळे, आणि कुणीतरी आपल्याला सोडून पलीकडच्याला हाक मारतंय असं तोंड.

सासूबाई स्वतः दुसरेपणाच्या. सासऱ्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. सासूबाईंच्या गळ्यात पोतीबरोबर नखाएवढा चांदीचा टाक असे. त्यावर बाईचं तोंड, घासून घासून गुळगुळीत झालेलं. पहिलीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, जेवताना पहिला घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला लावून मग नेसायचं. नाही तर पहिली दुसरीला सुखानं राहू देत नाही.

"तुम्हाला दिला काय तिनं कधी त्रास?" मी विचारलं.

"मले? अवो, मीच तिले चाळीस वर्षं त्रास देऊन राह्यली. दर घासाले उठवते."

३

पोळ्यानंतर हे सोनाळ्याला जाऊन आले. बंगल्यावरच्या जुन्या चौकीदाराच्या घरून एक फोटो मागून आणला. पायऱ्यांवर साहेब, मड्डम, कुत्रा, बाजूला नोकरचाकर. अगदी कडेला डोक्यावर टोपली घेतलेली बाई. तिला तोंड नव्हतं. होता फक्त एक पांढुरका फराटा.

"ही रुखमाबाई असंल," हे म्हणाले. "फोटो घेताना हलली. हललं का तोंड जाते."

त्या दिवसापासून घराच्या मागच्या खोलीत, मळ्याकडच्या खिडकीपाशी, चित्र सुरू झालं. रुखमाबाईचं नव्हे. गेंदाचं.

"आत्याले पाह्यचं आहे मले," हे म्हणाले. "तिकडची किती, इकडची किती, ते एकदा कागदावर उतरलं पाह्यजे. मले माह्यं तोंड आरशात पुरं वाटत नाही."

लग्नानंतर यांनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. आणि ते दुसऱ्या बाईबद्दल होतं.

जबडा मड्डमचा घेतला. केस बिस्किटाच्या डब्यावरच्या मुलीचे. भुवया सासऱ्यांच्या, ओठ कारभाऱ्याच्या पोरीचे. गिऱ्हाइकांनी विश्वासानं ठेवलेले फोटो पिशवीतून घरी येत आणि त्यांच्यातलं काहीबाही त्या बाईला चिकटे. फोटो परत जात. घेतलेलं परत जात नसे.

जमेना तो रंग. वाटीत पांढरा जास्त पडला की मड्डम होई, गेरू जास्त पडला की आमच्या मळ्यात निंदणाऱ्या बायांपैकी एक. हे तासन्‌तास ढवळत आणि पुसत. मी दारात चहा घेऊन उभी राही. चहावर साय धरे.

नवऱ्याच्या आत्याचा हेवा करणारी बाई मी पहिलीच असेन. हिशेबानं ती सत्तरीची असायला हवी. पण यांनी तिला वीस वर्षांची ठरवली होती, म्हणजे माझ्याहून एका वर्षानं मोठी, आणि ती दिसामाशी भरत होती. हे तिच्याकडे पाहत तेव्हा यांचे डोळे उसने वाटत नसत. यांचेच वाटत.

एका दुपारी यांनी मला आत बोलावलं. "हात दे."

मी पदराला हात पुसून पुढे केला. यांनी बांगड्या वर सारल्या आणि मनगटाची आतली बाजू खिडकीकडे धरली. बांगड्यांखाली मी जरा उजळ आहे, सगळ्याच असतात. पण यांनी ते मनगट असं पाहिलं, असं पाहिलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हाच," हे म्हणाले. "हाच रंग."

खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी मी मनगटाला हरभऱ्याचं पीठ लावलं. बघायला मागतील म्हणून.

यांनी मागितलं. मग कान मागितला. मग मान. मी देत गेले. तेवढा वेळ तरी ते डोळे माझ्यावर असत.

४

तव्याचा चटका बसला तो अष्टमीच्या दुपारी. डाव्या मनगटावर आतून, वालाच्या दाण्याएवढा. घरात कुणी नव्हतं. सासूबाई मळ्यात, हे दुकानात. मी चुन्याची निवळी लावली आणि बांगड्या खाली ओढून घेतल्या. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मागची खोली झाडायला गेले. चित्रातल्या बाईच्या डाव्या मनगटावर, बांगडीच्या काठाशी, वालाच्या दाण्याएवढा तांबूस डाग होता.

हे जेवायला आले तेव्हा मी विचारलं, "तो डाग कशाला काढला?"

"काढला नाही. पुसून राह्यलो कालपासून. जात नाही तो," हे म्हणाले आणि ताकाची वाटी पुढे केली.

मी स्वयंपाकघरात येऊन बांगड्या वर केल्या. मनगट स्वच्छ होतं. फोड नाही, लाली नाही. दाबून पाहिलं, दुखलं नाही.

चुन्याच्या निवळीनं उतरतं कधीकधी. माझ्या आईचा हात एकदा असाच दोन दिवसांत उतरला होता. दोन दिवसांत. मी चुलीपुढे बसून हेच मनाशी म्हणत राहिले, आणि त्या दिवशी भाकऱ्या करपल्या.

५

माझ्या उजव्या कानामागं तीळ आहे. रोहिणखेडला आई न्हाऊ घालताना त्याच्यावर बोट ठेवून म्हणायची, "ही माझ्या चंद्रीची खूण, जत्रेत हरवली तरी सापडेल." चंद्रभागा हे माझं माहेरचं नाव. इकडे अन्नपूर्णा ठेवलं. हाक मात्र कुणी त्या नावानं मारत नसे. सासूबाई "अवो" म्हणत, हे काहीच म्हणत नसत.

तीळ बोटाला लागायचा, मोहरीएवढा. आता लागेना.

चित्रातली बाई किंचित वळून बसलेली. तिच्या कानामागं काय आहे ते पाहायला मला फार जवळ जावं लागलं. पाहिलं, आणि खोली झाडायची तशीच सोडून आले.

यांनी पाहिला असेल. कान मागितला होता तेव्हा तीळ दिसलाच असणार. चित्रकार माणूस, सगळं टिपतो. हे अगदी बरोबर होतं. पण मग माझ्या कानामागचा तीळ कुठे होता?

माणसाला स्वतःचा कान दिसत नाही. आमच्या घरातला आरसा कुंकवापुरता, तळहाताएवढा. त्यात एका वेळी कपाळ दिसतं नाही तर ओठ. म्हणून मी लग्नाचा फोटो शोधायला गेले. यांनी तो महिन्यापूर्वी भिंतीवरून उतरवून मागच्या खोलीत नेला होता. रंगांच्या डब्यांखाली सापडला.

हे त्यात स्पष्ट होते. फेटा, टोपी घातलेला सासरचा एक मामा, माझा भाऊ किसन, सगळे स्पष्ट होते. यांच्या शेजारी हिरव्या शालूत, मुंडावळ्यांखाली, एक पांढुरका फराटा होता.

मी तो फोटो यांच्यापुढे धरला.

"हलली असशील," हे म्हणाले.

"चार महिने भिंतीवर होता. माझं तोंड होतं त्यात."

"मग असंल," हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. यांनी त्या दिवशी डोळे भरायला घेतले होते. डोळे सगळ्यात शेवटी भरतात. घारा रंग वाटीत तयार होता, मी तो पाहिला. पण कुंचला टेकला तो काळा टेकला. हे थांबले, वाटीत पाहिलं, कुंचल्याकडे पाहिलं. मग पुढे भरत गेले, भराभर, ओठ अर्धे उघडे ठेवून.

चित्र संपलं. हे मागे सरून भिंतीला टेकले आणि नुसते पाहत बसले. असं पाहणं मी लग्नात पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तेव्हा मी तिचं तोंड नीट पाहायला हवं होतं. पण हेव्यात माणूस तोंड पाहत नाही. कुणाकडे पाहिलं जातंय एवढंच पाहतो.

६

बाजाराच्या दिवशी घर रिकामं असतं. सासूबाई भाजी घेऊन गेल्या, हे दुकानात. मळ्याच्या कडेला शेवंती होती. मी ओटीभर तोडली, केळीच्या सोपटानं गुंफली. माळ्याची सून आहे, हार मला झोपेतही येतो.

मागच्या खोलीत उन्हाचा एक पट्टा चित्राच्या पायाशी आला होता. मी स्टुलावर चढले. राग नव्हता. निवडलेल्या भाजीतून किडकं पान काढावं तसं वाटत होतं.

"सत्तर वर्षं झाली," मी तिला म्हणाले. "आता मर."

आणि हार घातला.

फुलं तिच्या गळ्यावरून खाली आली तेव्हा, मला वाटलं, तिनं हनुवटी थोडी वर घेतली, हार घालून घेताना आपण घेतो तशी. स्टूल डुगडुगलं असेल. एका पायाखाली मीच चिंधी लावलेली आहे.

मग मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, ठेच्याशी. किती दिवसांनी भूक लागली होती.

७

हे उन्हं कलायच्या आत आले. मागच्या खोलीत गेले. मग यांचा आवाज आला, कधी न ऐकलेला.

"अन्नपूर्णे."

मी हातातलं तसंच टाकून दारात गेले. "काय?"

हे चित्रापुढे मांडी घालून बसले होते. तोंड ओलं होतं. वळून पाहिलं आणि चटकन उठून उभे राहिले, परक्या बाईपुढे उठतात तसे. सदरा नीट केला.

"तू बाहेर बस जरा," हे म्हणाले. आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिले.

सासूबाई रिकामी टोपली घेऊन आल्या. हार पाहिला. दारातच बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"लय गुणाची होती," त्या म्हणाल्या. "बोलत नसे, पण सारं पाहे."

"कोण?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर माझ्यासाठी इतकी माया कधीच नव्हती. "तुले कसं माहीत राहीन, बाई," त्या म्हणाल्या. "तू आत्ता आली."

मला वाटलं, हे मायलेक मला धडा शिकवतायत. यांच्या आत्याला जिवंतपणी हार घातला, नियम मोडला, आता भोग. मी मनात म्हटलं, ठीक आहे, किती दिवस चालवता बघू. गप्प राहायची सवय अशा वेळी उपयोगी पडते, आणि मारतेही.

तिसऱ्या दिवशी मी हार काढायला गेले. काढला, गुंडाळून हातात घेतला. मागे सासूबाई उभ्या होत्या, परडीत ताजी शेवंती.

"शिळा काढलास, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता हा घाल. तुह्याच हातानं घाल, तिले बरं वाटंल."

तेव्हा कळलं की हार घालता येतो, पण काढता येत नाही. काढणं म्हणजे नवा घालण्याआधीची तयारी.

मी भावाची वाट पाहिली. दिवाळीला किसन मुराळी म्हणून मला न्यायला येणार होता. लहानपणी आम्ही एका घोंगडीत झोपायचो. तो मला अंधारात चालण्यावरून ओळखायचा.

तो दिवाळीच्या आधीच आला. डोक्याला टोपी नव्हती. एसटीतून उतरून तडक मागच्या खोलीत गेला आणि चित्राच्या पायाशी कपाळ टेकून "चंद्रे, चंद्रे" म्हणत हुंदके देऊ लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी राहिले. "किसन" एवढंच म्हणाले.

त्यानं वळून माझ्या हातातला तांब्या घेतला. चूळ भरली. मग लाल डोळ्यांनी, पण आदबीनं विचारलं,

"तुम्ही नव्या काय? तिच्या साड्या आहेत ट्रंकेत, वापरा तुम्ही. तिले हेवा नव्हता कोणाचा."

८

काल सासूबाई सोनाराकडून टाक घेऊन आल्या. नवा, लखलखीत. मला पाटावर बसवलं आणि समोर बसल्या.

"दुसरेपणाची वाट मी चालली आहे," त्या म्हणाल्या. "तुले सांगते. पहिलीशी भांडायचं नाही. तिच्यापरीस चांगली व्हायले जायचं नाही. घास दाखवायचा, लुगडं लावायचं. ती निजून राहते."

"सासूबाई, मीच ती," मी म्हणाले. शेवटचं म्हणून म्हणाले.

"हाव," त्या म्हणाल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "असंच वाटते. मलेही वाटे पहिल्या पहिल्यानं."

पलीकडच्या बाया कुंपणापाशी आल्या होत्या. हिंमतरावची नवी बायको कुठली, म्हणत होत्या. घारी आहे म्हणे, यांच्यातलीच पाहून आणली असंल. आरसा मी मागितला नाही. पोतीत टाक ओवताना हात वर केला आणि बांगड्या कोपराकडे सरकल्या, तेवढं मात्र दिसलं. बांगड्यांखालचा आणि बांगड्यांवरचा रंग आता एकच होता. बोटांपासून कोपरापर्यंत एकच. गोराही नव्हे, आमच्या मळ्यातलाही नव्हे. वाटीत जो महिनाभर जमत नव्हता, तो.

टाक उलटा करून पाहिला. सोनारानं चित्रावरूनच काढलाय. नखाएवढं तोंड, गोल, जरा घाबरलेलं, आणि कानामागं सुईच्या टोकाचा एक ठिपका.

"नाव काय ठेवायचं तुह्यं?" सासूबाईंनी विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "गेंदा ठेवू. म्हातारीचा जीव थंड होईन."

मी "हो" म्हटलं. आणि मला आश्चर्य वाटलं, इतक्या सहज म्हटलं.

आता हे दुकानातून येतात, पाय धुतात, माझ्याशी दोन शब्द बोलतात आणि मागच्या खोलीत जातात. दार लोटलेलं असतं. फटीतून यांची पाठ दिसते, आणि यांच्या खांद्यावरून तिचा अर्धा गाल.

जेवायला बसले की मी पहिला घास टाकापुढे धरते. ती मोठ्या नशिबाची. मेली, पण नावानं हाक मारतात तिला. मी घास धरून ठेवते, तिचं खाऊन होईपर्यंत, आणि मला तिचा इतका हेवा वाटतो की भाकरी हातातच गार होते.